सान आकासिओ कॉलेजची शेवटची भिंत

७ एप्रिल

आजपासून रोजनिशी. दुसऱ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने स्वतःचाही ठेवावा.

'कोलेहिओ सान आकासिओ इतिहास जतन समिती' आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात स्थापन झाली. अध्यक्ष मी. सचिव मी. खजिनदारपद बायकोला, एर्मेलिंदाला, देऊ केलं. ती म्हणाली, आधी खजिना दाखव. म्हणून तेही माझ्याकडेच. सर्व ठराव एकमताने मंजूर.

आग्वा सार्कासारख्या गावात कॉलेज होतं, हे आता आल्बुकर्की शहरात सांगितलं तर लोक हसतात. पण होतं. १९७२ ते १९८१. इंग्रजी शाळेत घरची स्पॅनिश बोललं की ज्यांच्या हातावर पट्टी बसायची, त्या पोरांसाठी आम्ही ते काढलं. आम्ही म्हणजे दोन्या (आमच्याकडे बाईंना दोन्या म्हणतात) प्रिमितिवा आणि चार शिक्षक. मी विद्यार्थी होतो, पण पाया खणायला होतो. पायाच नसता तर कॉलेज कशावर उभं राहिलं असतं?

कागदपत्रं कॉलेज बंद पडलं त्या हिवाळ्यात शेगडीत गेली. कुणी घातली यावर गावात दोन तट आहेत, थंडी फार होती यावर मात्र एकमत आहे. उरली ती मोठी खोली. मातीच्या कच्च्या विटा, वर मातीचंच लिंपण. डिग्रीचे कागद छापायला पैसे नव्हते, म्हणून पास होणारा प्रत्येक जण आतल्या उत्तरेच्या भिंतीवर ओल्या लिंपणात पंजा उमटवायचा आणि खाली खिळ्याने नाव कोरायचा. नऊ वर्षांचे सगळे पंजे तिथे आहेत. माझाही आहे, दाराजवळ, बराच ठळक.

म्हणजे भिंत वाचली की इतिहास वाचला. २२ जूनला, सान आकासिओच्या सणाला, बँड लावून उद्घाटन. तोपर्यंत ग्रंथही होईल. बारा प्रकरणं. दिवसाला दोन पानं म्हणजे काहीच नाही.

११ एप्रिल

दोन्या प्रिमितिवांचा फोन. आमच्या पहिल्या प्राचार्य. वय एक्क्याण्णव, नदीपलीकडे भाचीकडे असतात. दोन वर्षांपूर्वी डोळे पार गेले, आवाज मात्र वर्गातलाच.

म्हणाल्या, पोरा, (मी अडुसष्ट वर्षांचा आहे) तू खोली उघडलीस म्हणे. मला तिथे ने. दामियानच्या पंजावर हात ठेवायचा आहे.

दामियान त्यांचा एकुलता एक. माझ्याच वर्गात होता. पास झाला त्याच्या पुढच्या वर्षी घाटातल्या वळणावर ट्रकखाली गेला. म्हणाल्या, फोटो घरभर आहेत, पण मला आता त्यांचा काय उपयोग? काचच लागते हाताला.

मी म्हटलं, दोन्या, नेणारच. पण अशी नाही. आत्ता तिथे उंदरांच्या लेंड्या आहेत. उद्घाटनाला पहिला मान तुमचा, फीत तुम्ही कापायची. त्या म्हणाल्या, मला फीत नको. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका.

म्हाताऱ्या माणसांना समारंभाचं महत्त्व समजावून सांगावं लागतं.

३ मे

ग्रंथाची अर्पणपत्रिका पूर्ण. सुंदर झाली आहे.

१४ मे

मौखिक इतिहासाला सुरुवात. रेकॉर्डर नवा घेतला. पहिली मुलाखत कंपाद्रे नेस्तोरची. त्याच्या थोरल्याचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांचे कंपाद्रे, त्यामुळे तो मला नाही म्हणू शकत नाही. गवंडीकाम करतो आणि कॉलेजच्या दुसऱ्या बॅचचा.

पहिला प्रश्न विचारला, कॉलेजात कसा आलास? तो म्हणाला, थांब, आधी हे सांग, तेव्हा जो गणित शिकवायचा तो कुणाचा? किंतानांचा की नदीकडच्या वीहिलांचा? मग ते ठरवावं लागलं. त्याची आई कोण, ती कुणाच्या शेतावर वाढली, तिच्या बहिणीने पळून जाऊन कुणाशी लग्न केलं. आमच्याकडे माणूस कुणाचा ते कळल्याशिवाय त्याच्याबद्दल पुढे बोलत नाहीत. एर्मेलिंदा मध्येच येऊन म्हणाली, तो किंताना नव्हेच, तो तर माझ्या मावसबहिणीचा दीर. मग परत पहिल्यापासून. बीन्स झाले, मिरचीचा रस्सा झाला, दोनदा कॉफी झाली. कॉलेजपर्यंत पोचलो नाही, पण पार्श्वभूमी भक्कम झाली.

१५ मे

रेकॉर्डरचं बटण दाबलेलं नव्हतं. हरकत नाही. पार्श्वभूमी डोक्यात आहे.

९ जून

एर्मेलिंदा म्हणते, म्हाताऱ्या, निदान भिंतीचे फोटो तरी काढून ठेव. फोन आहे ना खिशात? पाच मिनिटांचं काम.

इतिहासाचे फोटो फोनवर काढत नाहीत, हे तिला शांतपणे सांगितलं. भिंत एकदा नीट झाली की सान्ता फेहून चांगला फोटोग्राफर आणणार. आत्ता काढले तर भेगाच दिसतील, आणि पुढच्या पिढीला वाटेल आम्ही भेगांतच शिकलो.

२० जून

उद्घाटन पुढे ढकललं. बँडवाल्यांचं लग्न आहे. म्हणजे बँडमधल्या एकाचं. नवी तारीख २५ जुलै, सान्तियागोचा सण. तसाही तो जास्त मोठा सण.

दोन्यांना फोन करून कळवलं. म्हणाल्या, बँड नको, तू गाडी घेऊन ये. मी म्हटलं, थोडा धीर धरा. त्या म्हणाल्या, बरं. फोन ठेवता ठेवता त्यांच्या भाचीने विचारलं, दोन्यांना एकट्यांना नेऊन आणता येणार नाही का? मी म्हटलं, एकाला आधी दाखवलं की बाकीचे रुसतात. तुम्हाला माहीत नाही आमचं गाव.

८ जुलै

बाहेरच्या लिंपणाचा प्रश्न. मातीची भिंत दर एक-दोन वर्षांनी लिंपावीच लागते. पूर्वी सगळं गाव जमायचं. पुरुषांनी चिखलात गवत कालवायचं, बायकांनी हाताने थापायचं. लिंपण्यात बायकांचाच हात, पुरुषाने थापलं की ओघळतं असं म्हणतात. हे काम पस्तीस वर्षांत झालेलं नाही.

म्हणून फोनवरच्या 'सान आकासिओचे पंजे' या ग्रुपवर हाक दिली. शनिवारी सकाळी या, आपापली बादली आणा. लगेच अंगठे आले. डेन्व्हरहून अंगठा, फीनिक्सहून अंगठा, एकाने तर टाळ्याही पाठवल्या. मला भरून आलं.

१४ जुलै, शनिवार

पुरुष आले तिघे. मी, नेस्तोर, आणि कॉलेजात कधीच नसलेला एक म्हातारा, त्याला वाटलं डुक्कर भाजणार आहेत. लिंपणाऱ्या बायका आता चर्चमध्येसुद्धा बसूनच प्रार्थना करतात, त्यांचे गुडघे गेले. एर्मेलिंदाने एकटीने दाराजवळचा एवढासा तुकडा लिंपला आणि बसकण मारली. तुकडा मात्र झकास झाला आहे.

डुक्करवाल्या म्हाताऱ्याला करंजीसारखा एक एम्पानादा देऊन घरी सोडलं.

१६ जुलै

मला निराश व्हायचं नाही. मला फक्त एवढंच कळत नाही, की ज्या लोकांना या कॉलेजने माणसात आणलं, त्यांना एक शनिवार सुटू नये? रात्रभर चिडचिड झाली. सकाळी मात्र उपाय सुचला. सिमेंट!

बाहेरून तारेची जाळी, वर सिमेंटचा गिलावा. एकदाच काम, आणि मग शंभर वर्षं बघायला नको. कुणाची मनधरणी नको, कुणाचे अंगठे नकोत.

१७ जुलै

एर्मेलिंदाला सांगितलं. ती पोळपाटावरची तोर्तिया तशीच सोडून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, लोस सेरितोसचं चर्च विसरलास? तुझ्या-माझ्या लग्नाच्या आधी त्यांनी सिमेंट लावलं. पाणी आत अडकून माती भिजली, विटांचा चिखल झाला. वरून सगळं टकाटक, आणि एका रविवारी अख्खी भिंत बसली. सगळ्या गावाला माहीत आहे, म्हाताऱ्या. लहान पोराला विचार.

तिला म्हटलं, ते सिमेंट स्वस्तातलं होतं.

१९ जुलै

नेस्तोरकडे गेलो. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाला, कंपाद्रे, तू माझ्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलंस, तुला मी नाही कसं म्हणणार? पण एर्मेलिंदा काय म्हणते? मी म्हटलं, तिची तत्त्वतः संमती आहे. तो म्हणाला, बायकांना तत्त्वतः काही नसतं, कंपाद्रे. पुन्हा एकदा विचारून ये.

मी अंगणात थोडा वेळ उभा राहिलो आणि परत गेलो. म्हटलं, विचारलं.

२५ जुलै

सान्तियागोचा सण. उद्घाटन नाही, कारण काम चालू. दोन्यांचा फोन आला तेव्हा मी परांचीवर होतो, जाळी ठोकत. एर्मेलिंदाने घेतला. ती म्हणाली, दोन्यांनी फक्त एवढंच विचारलं, भिंत आहे ना अजून? मी म्हटलं, सांग, आता तर कधी नव्हती इतकी भक्कम आहे.

१८ ऑगस्ट

काम पूर्ण. लांबून बघितलं तर बँक वाटते. नेस्तोरने अवजारं धुतली आणि तो गेला. बिअरसुद्धा घेतली नाही. थकला असावा.

आता निवांत ग्रंथ. आज प्रस्तावनेला हात घातला.

३० सप्टेंबर

आनंदाची बातमी! आतले पंजे पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसू लागले आहेत. माती गडद झाली आहे, रेषान् रेषा कळते. दामियानचा पंजा तर काल उमटवल्यासारखा आहे. मोठा, बोटं फाकलेली, त्याला घाई असायची तशी. बाहेरून संरक्षण मिळालं की आतला इतिहास कसा उजळतो त्याचा हा पुरावा. प्रस्तावनेत घातला.

एर्मेलिंदाने भिंतीला हात लावला आणि तिथेच हात पँटला पुसला. म्हणाली, हा उजेड नाही, ओल आहे. आजच्या आज दोन्यांना घेऊन ये. मी गाडी काढते.

मी म्हटलं, आज शनिवार नाही का, फोटोग्राफरशी बोलायचं आहे. (आज रविवार होता.)

११ नोव्हेंबर

भिंतीच्या खालच्या हातभर भागावर पांढरी नक्षी उमटली आहे. कापसासारखी मऊ. एर्मेलिंदा म्हणते लोणा लागला, ओलीने मातीतला खार वर आला. मी शेगडी पेटवून ठेवली. नक्षी आणखी वर चढली. एकंदरीत शोभून दिसते, पण खालच्या रांगेतली नावं जरा वाचता येईनाशी झाली. ती १९७३ ची बॅच होती, त्यांच्यातले बहुतेक वारलेच आहेत.

फोटोग्राफर फार मागतो. वसंतात स्वस्त होईल.

२४ डिसेंबर

गावभर कागदी पिशव्यांत मेणबत्त्या लावल्या आहेत. मीही खोलीच्या छपरावर रांग लावली. फार छान दिसलं. पोसोले, म्हणजे सणाचा मक्याचा रस्सा, खायला दोन्यांच्या भाचीकडे गेलो होतो. दोन्या खुर्चीत होत्या, मांडीवर घोंगडी. माझा हात त्यांनी धरला आणि बोटं चाचपत बसल्या. म्हणाल्या, दामियानच्या अंगठ्याचं पेर वाकडं होतं, लहानपणी दारात सापडलं होतं. ते मातीत उमटलं असेल ना?

मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, अगदी स्पष्ट.

म्हणाल्या, मग ने ना, पोरा. मी काय मागते आहे? मी म्हटलं, रस्त्यावर बर्फ आहे, दोन्या. त्या म्हणाल्या, जुलैमध्येही बर्फ होता का?

सगळे हसले. मीही हसलो.  मला ते शब्द काही केल्या विसरता येत नाहीत. नव्या वर्षाचा पहिला संकल्प: हवा उघडली की त्याच दिवशी दोन्यांना न्यायचं. बँड असो वा नसो.

६ जानेवारी

हवा उघडली. पण छपराच्या पन्हळीचं पाणी जाळीच्या मागून भिंतीत उतरतं आहे असं दिसलं. अशा वेळी पाहुण्यांना नेणं बरं नाही. पन्हळ दुरुस्त झाली की लगेच.

१७ फेब्रुवारी

भिंतीला आतून पोट सुटलं आहे. एर्मेलिंदा म्हणाली, नेस्तोरला बोलव. मी म्हटलं, पोट नेस्तोरलाही आहे, तो पडला का?

तरी एक टेकू लावला. टेकू थोडा आत गेला. म्हणजे पकड चांगली बसली.

प्रस्तावना पूर्ण होत आली. तिच्यात सध्या माझं बालपण चालू आहे.

९ मार्च, दुपार

भिंत बसली आहे. पडली असं म्हणणार नाही, कारण आवाज काहीच झाला नाही. शेजारच्या कुत्र्यानेही मान वर केली नाही. सिमेंटचं कवच बाहेर अजून उभं आहे, ताठ, जाळीसकट. आतली माती खाली आली आणि तिचा ढीग झाला.

दाराजवळचा माझ्या उंचीचा एक तुकडा उभा आहे. त्यावर एकही पंजा शाबूत नाही. माझाही गेला.

ढिगात खूप वेळ शोधलं. एका ढेकळावर दोन बोटं मिळाली. कुणाची ते सांगता येत नाही. उचलताना फुटलं.

१० मार्च

नेस्तोर आला, दारातूनच बघितलं. म्हणाला, मला माहीत होतं, कंपाद्रे. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, तू मागितलंस. तू माझा कंपाद्रे आहेस. मग तोच रडायला लागला, आणि मला त्याची समजूत काढावी लागली.

१८ मार्च

दोन्यांना अजून सांगितलेलं नाही. योग्य शब्द शोधतो आहे. 'स्थित्यंतर' हा बरा वाटतो.

संध्याकाळी भाचीचा फोन. म्हणाली, उद्या सान होसेचा सण, दामियानचा वाढदिवस. दोन्यांनी नवा झगा काढून ठेवला आहे. तुम्ही येत नसाल तर मी भाड्याची गाडी करते. माझ्या तोंडून निघून गेलं, कशाला, एर्मेलिंदा येईल ना घ्यायला.

१९ मार्च

पहाटेच खोलीवर गेलो. ढिगातलीच माती घेतली, पाणी घातलं, दाराजवळच्या तुकड्यावर लिंपली. पुरुषाचा हात, ओघळलीच. तीनदा लिंपली. मग बोटं फाकवून पंजा उमटवला. अंगठ्याचं पेर वाकडं करून दाबलं. खाली खिळ्याने दामियान असं कोरलं. चांगलं जमलं होतं. माझ्या मते कुणालाही फरक कळला नसता.

वाळवायला एर्मेलिंदाचा केस वाळवायचा पंखा नेला होता. खोलीची वीज १९८१ मध्येच तोडली आहे हे तिथे गेल्यावर आठवलं. पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. सूट घातला होता. ऊन आलं, पण ते कवचाच्या पलीकडे.

अकरा वाजता त्या आल्या. एर्मेलिंदाने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. एर्मेलिंदाने तो पंजा बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, की चाळीस वर्षांच्या संसारात तसं कधी बघितलं नव्हतं. 

दोन्यांनी आत येताच विचारलं, आत वारा का लागतो आहे? मी म्हटलं, खिडकी उघडी आहे. त्यांचा हात धरून पंजावर ठेवला. त्यांची बोटं पंजावरून फिरू लागली. ओठ हलत होते. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं. एवढं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मग त्यांची बोटं हलायची थांबली. म्हणाल्या, ओलं आहे.

मी म्हटलं, थंडीचा ओलावा आहे, दोन्या.

म्हणाल्या, त्याचा हात माझ्या हाताबाहेर जायचा. हा माझ्याएवढाच आहे. तुझा आहे का, पोरा?

मी हो म्हटलं.

म्हणाल्या, त्याचा कुठे आहे?

 मी त्यांचा हात तसाच धरून खाली नेला, ढिगावर. त्या वाकल्या. एर्मेलिंदा मागून धरून होती. मूठभर माती उचलली, बोटांनी चुरून बघितली, आणखी एक मूठ उचलली. बराच वेळ असं चाललं होतं. मग हात झटकला. म्हणाल्या, यात काही नाही. चल बाई, मला घरी ने.

एर्मेलिंदा त्यांना घेऊन गेली. मला लाज वाटली. ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं, म्हणून ढिगावरच बसून राहिलो. सुटाची पँट गेली.

२१ मार्च

काल रात्रभर पाऊस आणि बर्फ. सकाळी जाऊन आलो. दाराजवळचा तुकडाही गेला. कवच तेवढं उभं आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला कॉलेज अजून आहे असंच वाटेल.

प्रस्तावना शेगडीत घातली. अर्पणपत्रिका तेवढी ठेवली.

दुपारी दोन्यांचा फोन. म्हणाल्या, तुझा पंजा वाळला का रे? मी म्हटलं, नाही दोन्या, पावसात गेला. त्या हं म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला माफी मागायची होती. शब्द जुळवलेले होते, दोन दिवस तेच करत होतो.

मी त्यांना म्हटलं, उद्या हवा उघडेल म्हणतात.